पतंगांची नोंदवही

१९३१ साली नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयाने मध्य प्रांतातील फुलपाखरांची एक यादी छापली. संग्रहालयाच्या प्रकाशनमालेतले हे सातवे प्रकाशन, जेमतेम चाळीस पानांचे. यादीचे कर्ते ई. ए. डी'अब्रेउ हे संग्रहालयाचे अभिरक्षक होते. तीत १७७ जातींची नोंद आहे. पुढे ७८ वर्षांनी, २००९ मध्ये, आशिष टिपले आणि ए. एम. खुराद यांनी नागपूर शहर व परिसरातील १४५ जातींची यादी प्रसिद्ध केली. २०११ मध्ये टिपले यांनी विदर्भातील १६७ जाती नोंदवल्या. या आकड्यांची सरळ वजाबाकी करता येत नाही, कारण मध्य प्रांत हा आजच्या विदर्भापेक्षा कितीतरी मोठा मुलूख होता. तरीही पाऊण शतकाचे अंतर असलेल्या दोन काळांच्या याद्या आपल्या हाती आहेत. कोणते फुलपाखरू तेव्हाही होते आणि आजही आहे, कोणते तेव्हाच्या यादीत नव्हते, असे प्रश्न विचारायची सोय त्यामुळे झाली.

ही सगळी दिवसाची नोंद. फुलपाखरे आणि पतंग एकाच गणातले. दोघांच्याही पंखांवर खवले. भारतात फुलपाखरांच्या जाती तेराशे-चौदाशेच्या घरात, तर पतंगांच्या दहा ते बारा हजार. म्हणजे या गणातले दर दहांतले जवळजवळ नऊ पतंग, आणि त्यांतले बहुतेक रात्रपाळीचे. डी'अब्रेउ यांची यादी फुलपाखरांची असल्यामुळे ते तिच्या बाहेर राहिले. त्यांची हजेरी मग कोणी घेतली, केव्हा घेतली आणि कशासाठी घेतली, हा या लेखाचा विषय आहे.

टाकळीचा खडक

सदर म्हणजे मूळचा सदर बाजार. इंग्रजी अमलात साहेबांची वस्ती वसली, की तिच्या पोटापाण्यासाठी शेजारी असा बाजार उभा राही. इथला रेसिडेन्सी रोड आजही भोसल्यांच्या दरबारी असलेल्या इंग्रज रेसिडेंटाची आठवण नावात बाळगून आहे. एका बाजूला सिव्हिल लाइन्सचे बंगले, दुसरीकडे टाकळी आणि सेमिनरी हिल्सचा चढ, आणि पायी जाण्याजोग्या अंतरावर मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे नागपूरकरांचा अजब बंगला. विदर्भातल्या कीटकांच्या लेखी नोंदीचा आरंभ याच परिसरात होतो, आणि तो होतो दगडात.

१८४५ मध्ये नागपुरात आलेले स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप हे भूशास्त्राचे जाणकार होते. रॉबर्ट हंटर या आपल्या सहकाऱ्याबरोबर त्यांनी नागपूरच्या आसपासचे खडक तपासले. दख्खनच्या लाव्हाच्या दोन थरांमधल्या काळात जिथे तळी साचली होती, तिथल्या गाळाचे खडक टाकळीला उघडे पडले होते. त्यांत हिस्लॉप यांना शंख-शिंपल्यांबरोबर, बियांबरोबर कीटकांचेही अवशेष मिळाले. १८६० मध्ये अँड्र्यू मरे यांनी नागपूरच्या या जीवाश्म कीटकांवर लंडनच्या भूशास्त्र संस्थेच्या त्रैमासिकात टिपण लिहिले. हे अवशेष भुंगेऱ्यांचे होते. त्यांचे वरचे पंख कठीण कवचासारखे असल्यामुळे ते गाळात टिकले. हे सारे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे.

पतंगाचे तसे नाही. बोट लागले तरी त्याच्या पंखांवरचे खवले भुकटी होऊन गळतात. दगडात त्याचा ठसा क्वचितच उमटतो. त्याची नोंद राहायची असेल, तर ती तो जिवंत असताना, माणसाने जागे राहून करावी लागते.

१८६३ च्या सप्टेंबरमध्ये टाकळघाटची शिलावर्तुळे पाहून परतताना बोरीजवळच्या नाल्यात हिस्लॉप बुडाले. त्याच वर्षी मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांच्या काळात मध्यवर्ती संग्रहालय स्थापन झाले. कीटकांसाठी नागपुरात हक्काची जागा झाली ती तेव्हापासून.

कर्नलसाहेबांचे पतंग

पतंगांची पद्धतशीर नोंद आपल्याकडे सुरू झाली ती मुंबई इलाख्यात. १५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत आठ जणांनी मिळून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. त्या आठांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन मराठी डॉक्टर होते, आणि त्यांच्याच पंक्तीला कर्नल चार्ल्स स्विन्हो हे लष्करी अधिकारी होते. पतंग हा स्विन्हो यांचा ध्यास. १८८५ मध्ये त्यांनी मुंबई आणि दख्खनच्या फुलपाखरांवर व पतंगांवर लेखमाला लिहिली. पाठोपाठ महूच्या संग्रहावर लिहिले. १८८७ ते १८८९ या काळात ई. सी. कोट्स यांच्याबरोबर त्यांनी भारतातील पतंगांची सूची तयार केली आणि कोलकात्याच्या इंडियन म्युझियमने ती छापली. त्यानंतर निलगिरीत चहाचे मळे पाहणारे जॉर्ज हॅम्पसन आले. १८९२ ते १८९६ या चार-पाच वर्षांत त्यांचे भारतीय पतंगांवरचे चार खंड निघाले. आजही एखाद्या पतंगाचे नाव शोधताना अभ्यासकाला या खंडांपाशी जावेच लागते.

या मंडळींचे काम मोठे आहे. पण त्यांचा प्रश्न एकच होता: 'काय काय आहे?' नवी जात सापडली, टाचणीला लागली, तिच्याखाली गावाचे नाव लिहिले, नमुना लंडनला गेला. एका जातीचे चार चांगले नमुने मिळाले की काम झाले. पाचवा कशाला हवा? एखाद्या रात्री दिव्यावर तिचे दोन आले की दोनशे, पुढच्या वर्षी त्याच महिन्यात किती आले, हे त्यांना विचारायचेच नव्हते. संग्रहाच्या पेटीतून 'आहे' एवढे कळते. 'किती आहे' आणि 'किती उरले' हे कळायला वही लागते.

फायद्या-तोट्याचे पतंग

विदर्भात काही मोजक्या पतंगांच्या वाट्याला मात्र वही आली. एक तर त्यांनी माणसाच्या पदरात काही टाकले होते, नाही तर पदरातले काही पळवले होते.

पदरात टाकणाऱ्यांत पहिला टसरचा पतंग. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांतल्या जंगलात ऐन आणि अर्जुनाच्या पानांवर त्याच्या अळ्या वाढतात आणि कोसा विणतात. ढिवरांच्या कित्येक पिढ्यांनी हे काम केले आहे. अळ्या झाडावर सोडायच्या, पाखरांपासून राखायच्या, कोसा उतरवायचा. कोसातून निघालेल्या पतंगाला खाण्याजोगे तोंडच नसते. अळी असताना जे साठवले त्यावर तो थोडे दिवस जगतो, जोडी जमवतो, अंडी घालतो आणि मरतो. या पतंगाचा हिशेब नीट ठेवला गेला, कारण तो कोसाच्या मोजणीत मांडता येत होता. राज्याच्या रेशीम संचालनालयाचे ठाणेही नागपुरातच आहे.

दुसरा संत्र्याच्या बागेतला. सर्वसाधारणपणे पिकाचे नुकसान करते ती अळी, पतंग निरुपद्रवी असतो. फळातील रस शोषणाऱ्या पतंगाचे उलटे आहे. त्याची अळी कुंपणावरच्या गुळवेलीवर, वासनवेलीवर गुपचूप वाढते आणि संत्र्याला तोंडही लावत नाही. नुकसान करतो तो मोठा झालेला पतंग. त्याची सोंड इतकी ताठ आणि दातेरी, की ती संत्र्याच्या सालीतून आत घुसते. रात्री भोक पडते, फळ सडू लागते आणि पुढे गळून पडते. आंबिया बहाराची फळे पिवळी होऊ लागली, की बागायतदार संध्याकाळी धूर करतात, गूळ आणि कीटकनाशकाचे आमिष ठेवतात, भोवतालची वासनवेल उपटतात.

तिसऱ्याचा इतिहास सर्वांत लांबलचक आहे आणि त्याची किंमतही सर्वांत मोठी. १८४२ मध्ये गुजरातेतल्या भडोचहून कपाशी पोखरणाऱ्या एका किड्याचे नमुने इंग्लंडला गेले. डब्ल्यू. डब्ल्यू. सॉन्डर्स यांनी त्याला शास्त्रीय नाव दिले. तीच आपली शेंदरी, म्हणजे गुलाबी बोंडअळी. तिचा पतंग करड्या-तपकिरी रंगाचा, बोटाच्या पेराएवढाही नाही. दिव्यावर आला तर कोणी दुसऱ्यांदा पाहणार नाही. अळी मात्र बोंडाच्या आत शिरते आणि बाहेरून बोंड धडधाकट दिसत राहते. फुलात शिरली तर पाकळ्या एकमेकींना चिकटतात आणि फूल उमलत नाही. शेतकरी त्याला डोमकळी म्हणतात. डोमकळी ओळखता येणे हे कपाशीच्या शेतातले जुने शहाणपण.

१९७६ मध्ये नागपुरात केंद्रीय कापूस संशोधन संस्था सुरू झाली. २००२ मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली आणि काही वर्षे अशी आली, की बोंडअळी संपली असेच वाटू लागले. बीटीच्या भोवती साध्या कपाशीच्या ओळी लावाव्यात, म्हणजे विषाची सवय न झालेले पतंगही शिल्लक राहतील आणि सवय झालेल्यांशी त्यांचा संकर होत राहील, असा नियम होता. पाकिटातले ते वेगळे बियाणे बहुतेकांनी पेरले नाही. २०१० मध्ये गुजरातेतल्या अमरेली, भावनगर, जुनागड, राजकोट या जिल्ह्यांत गुलाबी बोंडअळी पहिल्या पिढीच्या बीटीला जुमानेनाशी झाल्याचे जाहीर झाले. २०१७ च्या हंगामात विदर्भात ती दुसऱ्या पिढीच्या बीटीच्या बोंडांतही निघाली. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले.

आता कृषी विभागाच्या दर पत्रकात कामगंध सापळा असतो. मादीच्या गंधासारखे रसायन लावलेली वडी सापळ्यात ठेवायची आणि रोज सकाळी आत अडकलेले नर मोजायचे. सलग तीन दिवस सापळ्यागणिक आठ पतंग सापडले, की उपाय करायचा. विदर्भातल्या हजारो शेतकऱ्यांना रात्रीच्या पतंगांची मोजणी शिकवली गेली ती अशी, नुकसान दारात उभे राहिल्यावर. या मोजणीला दोन मर्यादा आहेत. कामगंध सापळ्यात एकाच जातीचा पतंग येतो, बाकीची रात्र त्याला दिसत नाही. आणि हंगाम संपला, की वहीही संपते.

दिव्याखालची पेटी

सगळ्या रात्रीची नोंद घ्यायची तर प्रकाश सापळा हवा. इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेड संशोधन केंद्रात सी. बी. विल्यम्स यांनी १९३३ पासून रात्र रात्र दिवा लावून पतंग मोजायला सुरुवात केली. म्हणजे डी'अब्रेउ यांची यादी छापून झाल्यावर दोनच वर्षांनी. १९५० मध्ये रॉबिन्सन बंधूंनी पाऱ्याच्या वाफेचा दिवा लावलेला सापळा तयार केला आणि घरच्या बागेत पतंग नोंदवणे हा तिकडे हजारोंचा छंद झाला. १९६८ पासून देशभरातल्या सापळ्यांच्या नोंदी एकत्र होऊ लागल्या. २०२१ मध्ये त्यांचा हिशेब प्रसिद्ध झाला: पन्नास वर्षांत ब्रिटनमधल्या मोठ्या पतंगांची संख्या ३३ टक्क्यांनी घटली होती. वह्या नसत्या, तर 'पूर्वी दिव्यावर फार पाखरे यायची' एवढे एक म्हाताऱ्या माणसाचे वाक्य उरले असते. आपल्याकडे तेवढेच उरले आहे.

सापळा साधा असतो. एक पेटी, तिच्या तोंडावर नरसाळे, नरसाळ्यावर दिवा. पेटीत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे रचलेले; दिव्याभोवती घिरट्या घालणारा पतंग नरसाळ्यातून आत घसरतो आणि ट्रेच्या खळग्यात जाऊन बसतो. त्याला मारायचे नसते. पहाटे बुलबुल आणि दयाळ जागे होण्याआधी पेटी उघडायची, एकेक ट्रे उचलून नावे आणि संख्या लिहायची, मग दूरच्या झुडपात त्यांना सोडून द्यायचे. रोजच्या रोज त्याच जागी दिवा लावायचा नाही, म्हणजे सोडलेलेच पुन्हा मोजले जात नाहीत आणि त्यांच्या रात्रीही वाया जात नाहीत. वहीत तारीख, पाऊस, वारा, ढग, किमान तापमान आणि चंद्राची तिथी हवी. पौर्णिमेच्या आसपास पतंग कमी येतात. तिथी लिहिली नसेल तर वाचणाऱ्याला ते कमी झाले असे वाटेल. जे ओळखता आले नाही ते 'अनोळखी' म्हणून लिहावे. अंदाजाने घातलेले नाव कोऱ्या जागेपेक्षा वाईट.

सदरमधल्या एखाद्या जुन्या बंगल्याच्या आवारात असा दिवा लावला, तर वहीत झाडांचीही नोंद आपोआप होत जाते. कण्हेर किंवा तगर असेल, तर हिरव्या-गुलाबी नक्षीचा कण्हेरीवरचा भिरभिरा पतंग येण्याजोगा असतो. उंबर-वडाच्या पानांवर वाढणारे पिवळ्या पोटाचे पतंग, मोकळ्या प्लॉटवरच्या एरंडावरची उंटअळी ज्याची असते तो पतंग, चवळाईची पाने गुंडाळणारा इवलासा पट्टेवाला, हे मध्य भारतातले नेहमीचे गडी. तिळावर वाढलेला, पाठीवर कवटीसारखी खूण असलेला आणि हातात घेतल्यावर चक्क चीं करणारा पतंगही या मुलखातला. तो मधमाश्यांच्या पोळ्यात शिरून मध चोरतो. राजभवनाचे झाडीचे आवार आणि सेमिनरी हिल्सचे रान शेजारी असल्यामुळे सदरच्या बागांची यादी निव्वळ बागेची राहणार नाही. रान किती जवळ उरले आहे हेही ती सांगेल.

नावे जुळवण्याची अडचणही पूर्वीइतकी नाही. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत दीर्घकाळ काम केलेल्या डॉ. व्ही. शुभलक्ष्मी यांची भारतीय पतंगांवरची मार्गदर्शिका २०१८ मध्ये आली. उत्तर महाराष्ट्रातल्या पतंगांची प्राथमिक यादी सचिन गुरुळे आणि संतोष निकम यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केली. हॅम्पसनचे खंड आता घरबसल्या वाचता येतात.

दिव्याचे वेड

पतंग दिव्यावर झेप घेतो आणि जळतो, याला आपण प्रेम म्हटले, मोह म्हटले, बलिदानही म्हटले. जानेवारी २०२४ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या आणि फ्लोरिडाच्या संशोधकांनी, त्यांत यश सोंधी हे भारतीय अभ्यासकही होते, वेगवान कॅमेऱ्यांनी कीटकांचे उड्डाण टिपून वेगळेच उत्तर दिले. कीटक दिव्याकडे ओढले जात नाहीत. ते दिव्याकडे पाठ करतात. कोट्यवधी वर्षे रात्री उजेडाची बाजू म्हणजे आकाशाची, वरची बाजू. तिकडे पाठ ठेवली की उड्डाण सरळ राहते. दिवा बाजूला किंवा खाली आला, की पतंग त्याच सवयीने पाठ वळवतो आणि घिरट्यांत सापडतो.

यात आपल्याला विचार करायला लावणारी गोष्ट आहे. बागेतल्या पेटीवरचा दिवा वर्षातल्या काही रात्री लागतो आणि पहाटे पतंगाला सोडून देतो. रस्त्यावरचा दिवा रोज रात्रभर लागतो आणि कोणाला सोडत नाही. २०२१ मध्ये इंग्लंडमध्ये डग्लस बॉयस आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की रस्त्याच्या दिव्याखालच्या कुंपणझुडपांत पतंगांच्या अळ्या अंधाऱ्या कुंपणांपेक्षा ४७ टक्क्यांनी कमी होत्या, आणि पांढऱ्या एलईडीचा परिणाम जुन्या पिवळ्या सोडियम दिव्यांपेक्षा जास्त होता. आपल्या शहरांतही पिवळे दिवे जाऊन पांढरे आले. त्याआधी आपल्या रस्त्यांवर काय उडत होते याची नोंद हाती नसेल, तर हा बदल भला की वाईट हे ठरवायला आपल्याकडे मोजमाप नाही. पतंग कमी झाले, तर वटवाघळांचा आणि रातव्याचा घास कमी होतो. रातराणीसारखी रात्री उमलणारी पांढरी, सुवासिक फुले ज्यांच्यासाठी गंध सोडतात, ते पाहुणे येईनासे होतात.

डी'अब्रेउ यांनी फुलपाखरांची यादी केली तेव्हा तिचा उपयोग कोणाला होईल, हे त्यांना माहीत असण्याचे कारण नव्हते. बोंडअळीच्या सापळ्यामागे कपाशीचा भाव होता, टसरच्या हिशेबामागे कोसा होता. या यादीमागे असे काही नव्हते. इथे कोण राहते हे लिहून ठेवणे एवढाच तिचा हेतू. ७८ वर्षांनी तिला जोड मिळाला. रात्रीच्या वहीलाही असाच हेतू पुरेसा आहे. तिचे पहिले पान दिवाळीनंतर, कार्तिकातली थंडी पडू लागली की लिहायला घ्यावे. त्या रात्रींत पेटी कधी कधी अगदी रिकामी निघते. तेव्हा तारीख, तिथी आणि तापमान लिहून पुढे शून्य लिहावे. पुढे कोणी ही वही उघडील तेव्हा भरलेल्या रात्रींइतकेच ते शून्यही त्याच्या कामाचे असेल.